दहा किलोचं शून्य

मी दुकानात पाय ठेवला आणि फुस्सऽऽ झालं.

"अहो, बंद करा ते आधी!" मी ओरडलेच. मे महिन्याची दुपार, हाटकेश भागातलं एसी दुरुस्तीचं तेविसावं दुकान, डोकं आधीच तापलेलं. आणि समोर हा उंच, सावळा माणूस जुन्या एसीचा गॅस खुशाल हवेत सोडत उभा!

त्याने दचकून कॉक फिरवला. "तुम्ही... गॅस कंपनीच्या काय?"

"नाही. मी रुचिता. हवा तापवणारे वायू शहरातून किती निघतात ते मोजतोय आम्ही. त्याच्या सर्व्हेला महापालिकेतून आलेय."

"मंग बसा की. उभ्यानं मोजलं तर जास्त भरतात काय?"

हसायचं नाही, रुचिता. मी फॉर्म काढला. नाव भूपेश, राहणार जवळचं राई गाव. "एसी खोलल्यावर आतला गॅस कुठे जातो?"

आधीच्या बावीस दुकानांनी पाठ केल्यासारखं सांगितलं होतं, मशीनने सिलिंडरमध्ये भरून घेतो, एक ग्रॅम सोडत नाही. मशीन मात्र एकाकडेही दिसलं नव्हतं. भूपेशने सरळ बोट वर केलं.

"हवेत. महिन्याला दहा किलो तरी."

"खरं सांगताय?"

"तुम्ही विचारलंत ना? मंग खोटं कशाला सांगू?"

माझं पेन थांबलंच. मी त्याला सांगितलं, यातला एक किलो जवळजवळ दोन हजार किलो कार्बन डायऑक्साइडइतकं तापवतो.

"म्हंजे लोकांच्या बेडरूम थंड करतो नि बाकी सगळं तापवतो मी. भरून घ्यायचं मशीन पायजे हो मला. पण परवडत न्हाय."

त्यानंतर त्या फॉर्ममध्ये सारखं काहीतरी राहायला लागलं. कधी पिनकोड, कधी सही... तो राईहून ताडगोळे आणून ठेवायचा, सोलून द्यायचा आणि मी खाताना मुद्दाम दुसरीकडे बघायचा.

"किती सह्या लागतात तुमच्या ऑफिसला?" एकदा त्याने विचारलं.

"ऑफिसला एकच लागते," मी बोलून गेले आणि कानापर्यंत लाल झाले. तो पुढची पाच मिनिटं पाना उलटा धरून स्क्रू शोधत होता.

मग माशी शिंकली. ऑफिसातला निकेत म्हणाला, "यादी वर जाणार. गॅस सोडतो म्हणून ज्यांनी कबूल केलंय ना, त्यांना दंड लागणार बघ." अख्ख्या हाटकेशात खरं बोलणारा एकटा, आणि तोच अडकणार? मी भूपेशचा फॉर्म काढला, दहातल्या एकावर व्हाइटनर फिरवला. उरलं शून्य.

पंधरा दिवसांनी आमच्या ऑफिसात सगळ्या दुकानदारांची बैठक होती. आमच्या साहेब, मृणालिनी मॅडम, उभ्या राहिल्या. "ज्या दुकानाचा गॅस सर्वांत जास्त हवेत जातो, त्याला आम्ही भरून घेण्याचं मशीन फुकट देणार होतो. पण तेवीस दुकानं आणि तेवीस शून्य! तुम्हाला गरजच नाही. मशीन दुसऱ्या भागात देतोय."

एकच गलका झाला. "मॅडम, मेरा पंधरा किलो लिखो!" "अरे, माझा वीस!"

भूपेश उठला. "मी दहा सांगितलेलं. पहिल्याच दिवशी."

"हां हां, आम्ही पण!" सगळे खो-खो हसले.

त्याचा चेहरा पडला. मशीन तर गेलंच, वर खोटारडा ठरला... माझ्यामुळे. त्याने माझ्याकडे नुसतं पाहिलं. चिडला असता तर परवडलं असतं.

मी उभी राहिले. "मॅडम, त्यांनी दहाच सांगितलं होतं. मी खोडलं."

"का?"

"त्यांना दंड होईल असं वाटलं."

"आणि या बाकीच्या बावीस जणांना झाला असता तर?"

"तर... झाला असता, मॅडम. ते कुठे मला आवडतात!"

मागून कुणीतरी जोरात शिट्टी मारली.

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "सर्व्हे आजपासून निकेत करेल. तू ऑफिसात बसायचंस. आणि भूपेश, महिनाभर तुमच्या दुकानातला गॅस वजन करून मोजू. आकडा खरा निघाला तर मशीन तुमचं."

जिन्यात त्याने मला गाठलं. "मला वाचवायला खोटं लिहिलंत?"

"हो. चुकलंच माझं."

"चुकलंच," तो म्हणाला. "मला वाटलेलं, माझं खरं बोलणंच आवडलं तुम्हाला."

"तेच तर आवडलं! आणि तेच खोडून बसले, गाढवासारखी..." माझे डोळे भरून आले.

"मंग अजून एक खरं सांगतो." तो मान खाली घालून म्हणाला, "जाम आवडता तुम्ही मला. पहिल्या दिवशी ओरडलात ना, तेव्हापासून. आता हे तरी खोडू नका."

"नाही खोडणार," मी म्हटलं. जिना उतरणारे बावीस दुकानदार बघत असताना मी त्याचा ग्रीसने माखलेला हात हातात घेतला.