डावखुरा चेंडू

प्रबोधिनीच्या तिसऱ्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत करसारथीचं पहिलं प्रात्यक्षिक झालं, तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांत चेंडू कसा उसळतो हे माहीत असलेला एकही माणूस नव्हता. तिथं चित्रण शिकवणाऱ्या कुमुदिनी सरनोबत यांना ते माहीत होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत.

चलनचित्राचं, म्हणजे काढलेली चित्रं चालती करण्याचं, शिक्षण चेंडूपासून सुरू होतं. चेंडू पडतो, जमिनीवर चेपतो, उसळतो. वर पोचता पोचता रेंगाळतो, खाली येताना सुटतो. रेंगाळतो तिथं चित्रं एकमेकांना खेटून काढायची, सुटतो तिथं लांब लांब. बस, एवढंच. पण या एवढ्यात वजन येतं, आणि वजन आलं की चालणारा माणूस, पळणारी गाय, रडणारं पोर सगळं येतं. ज्याला चेंडूला वजन देता येत नाही त्यानं राक्षस काढला तरी तो फुग्यासारखा तरंगतो. असले फुगे काढून पोट भरणारे कोल्हापुरात शेकड्यांनी होते, आणि त्यातले बरेचसे याच प्रबोधिनीचे पदवीधर होते. कुमुदिनीबाई म्हणायच्या, माझ्याकडून बाहेर पडले की बिघडतात.

करसारथी म्हणजे उजव्या हाताचा एक मोजा. मनगटापासून बोटांच्या टोकांपर्यंत त्यात बारीक तारा होत्या, आपल्या हातातल्या स्नायुबंधांसारख्या. चित्रं काढायच्या उजळ पडद्यावर, प्रकाशपाटीवर, लेखणी टेकली की मोज्याला चित्र कुठं चाललंय ते कळायचं, आणि रेघ चुकायच्या आत तारा बोटाला ओढून योग्य वाटेवर आणायच्या. शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच काढली.

संचालक प्रफुल्ल धारणकर यांनी आयुष्यात काही काढलं असेल तर ती पत्रकं. पाहुण्यांसमोर ते म्हणाले, "ही कल्पना आमच्या सरनोबत मॅडमचीच बरं का. त्या मुलांचा हात हातात धरून रेघ काढून घेतात. करसारथी तेच करतो, फक्त एकाच वेळी अख्ख्या वर्गाचा हात धरतो."

"माझ्या हातात रक्त आहे, सर," कुमुदिनीबाई म्हणाल्या. "याच्यात तारा आहेत."

पाहुणे हसले. धारणकरांना ते लागलं. चहाच्या वेळी त्यांनी बाईंना बाजूला घेऊन सरळ पैज लावली. नवा वर्ग निम्मा निम्मा करू. निम्म्यांना करसारथी, निम्म्यांना तुमचं रक्त. सत्राच्या शेवटी सगळ्यांनी मोकळ्या हातानं चेंडू उसळवायचा. तुमची मुलं सरस ठरली तर मोजे माळ्यावर टाकतो. नाही ठरली तर प्राथमिक चित्रणाचा वर्ग कायमचा मोज्यांकडं, आणि तुम्ही ग्रंथालय सांभाळा.

बाई हो म्हणाल्या. हाच वर्ग त्यांचं आयुष्य होतं. ग्रंथालयात एक कपाट होतं आणि त्याची किल्ली हरवलेली होती.

वाटणी करताना एक मुलगी उरली. स्वरांगी कुंभोजे, जयसिंगपूरची, डावखुरी. मोजा फक्त उजव्या हाताचा. डाव्याचा साचा एका पोरीसाठी कोण करणार, म्हणून धारणकरांनी तिला बाईंकडं ढकलली. बाईंनाही ती नको होती. मुलाच्या मागं उभं राहायचं, उजव्या खांद्यावरून वाकायचं आणि त्याच्या मुठीवर आपली मूठ ठेवून रेघ ओढायची, ही त्यांची पद्धत. डाव्या हातावर त्यांची मूठ बसेना. दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा रेघ त्यांच्याच हातून थरथरली. बाईंना आपली रेघ थरथरलेली खपत नसे. "तुझं तू बघ," त्या म्हणाल्या आणि तिला मागच्या बाकावर बसवलं.

स्वरांगीचा चेंडू म्हणजे बटाटा. कधी जमिनीत घुसायचा, कधी वर गेला तो गेलाच. बाई बाकांमधून फिरताना तिच्या पाटीवर नजर टाकायच्या, "अरेरे" म्हणायच्या आणि पुढच्या मुलाची मूठ धरायच्या. तिथं मात्र चेंडू असा उसळायचा की मूल स्वतःच्याच हाताकडं बघत राहायचं. पलीकडच्या खोलीत मोजेवालेही तसेच बघत बसायचे. पालक दोन्ही खोल्यांत येऊन फोटो काढायचे. आमच्या मन्यानं पहिल्याच आठवड्यात उसळवला हो, असं सांगत घरी जायचे. मन्याला उसळवता येत नव्हता, उसळलेला बघता येत होता. पण फी भरलेल्या माणसाला हा फरक कोण सांगणार?

परीक्षक म्हणून मिरजेहून डॉ. रुबिना मुजावर यायच्या होत्या. त्या मेंदू आणि हालचाल यांचा अभ्यास करणाऱ्या. सत्राच्या मध्यावर त्या प्रयोगशाळा बघायला आल्या, मोजा हातात घालून दोन रेघा काढल्या, काढून ठेवला आणि बाईंना म्हणाल्या, "यातून कोणी शिकणार नाही."

बाईंना त्यांचा मुका घ्यावासा वाटला. कारण विचारलं.

मुजावरांनी टेबलावरचा चहाचा कप उचलला. "मी हा उचलायच्या आधी मेंदूनं अंदाज केला, कप इतका जड लागेल. उचलल्यावर तेवढाच लागला, तर मेंदू गप्प. पण रिकामा निघाला तर हात झटक्यात वर जातो. अंदाज चुकला. ती चूक लहान मेंदूत जाते आणि तिथले दुवे बदलते. पुढच्या वेळचा अंदाज सुधारतो. हाताचं शिक्षण म्हणजे एवढंच. चूक हेच त्याचं खाणं."

"आणि मोजा चूक होऊच देत नाही."

"होण्याआधीच खाऊन टाकतो. मेंदूला काही मिळतच नाही. वर मेंदू हुशार असतो, दुसरं कोणी ओढतंय म्हटल्यावर हात सैल सोडतो. मोज्यातला हात शिकत तर नाहीच, उलट आळशी होतो."

"हे धारणकरांना सांगा."

"सांगितलं. ते म्हणाले, मुलं तर खूश आहेत." मुजावर बाईंकडं वळल्या. "मॅडम, तुम्ही कसं शिकवता?"

"हात धरून," बाई ताठ मानेनं म्हणाल्या. "माणसानं माणसाचा."

मुजावरांनी कप खाली ठेवला. पुढं काहीतरी म्हणणार होत्या, पण बाई तोवर जिन्यापर्यंत पोचल्या होत्या. पैज जिंकल्यासारख्या त्या वर्गात शिरल्या आणि संध्याकाळपर्यंत एकेका मुलाची मूठ अशी घट्ट धरली की दोघांची बोटं पांढरी पडली.

परीक्षेला पाहुणे पुन्हा जमले. मोजे काढून ठेवले. बाईंना भिंतीपाशी उभं केलं. मुलांनी मोकळ्या हातानं चेंडू काढले आणि मुजावरांनी ते मोठ्या पडद्यावर एकामागून एक चालवले.

मोजेवाल्यांचे चेंडू तरंगले. पडदाभर फुगे. धारणकरांचा चेहरा उतरला आणि बाईंनी ते सावकाश, चवीनं पाहून घेतलं.

मग बाईंची मुलं. पहिला चेंडू तरंगला. बाई म्हणाल्या, घाबरला असेल. दुसरा तरंगला. तिसरा जमिनीला न शिवताच परत फिरला. पाचव्या-सहाव्यानंतर बाईंनी कारणं देणं सोडलं. कोणाचा मोज्याचा आणि कोणाचा रक्ताचा, हे पडद्यावरून कोणाच्या बापालाही सांगता आलं नसतं.

शेवटी एक चेंडू आला. वरती क्षणभर विचारात पडल्यासारखा थांबला, मग सुटला, धप्पकन चेपला आणि उसळला. पहिल्या बाकावरच्या एका पोरानं नकळत पाय मागं घेतला. चेंडू डावीकडून उजवीकडं जायच्या ऐवजी उजवीकडून डावीकडं जात होता.

"हा कोणाचा?" मुजावरांनी विचारलं.

मागच्या बाकावर एक डावा हात वर झाला.

मुजावर बाईंच्या शेजारी येऊन हलकेच म्हणाल्या, "हाताला रक्त आणि तार यातला फरक कळत नाही, मॅडम. चूक झाली की नाही, एवढंच कळतं."

माझ्याकडून बाहेर पडले की बिघडतात, हे आपलंच वाक्य बाईंना आठवलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना ते ऐकू आलं. बिघडत नव्हते. बाहेर पडल्यावर फक्त त्यांची मूठ सुटत होती. वर्गातल्या सगळ्या चुका त्यांनी एकटीनं खाल्ल्या होत्या. म्हणून एवढ्या वर्षांत एकच हात तयार झाला होता, त्यांचा स्वतःचा.

धारणकर मात्र तोवर सावरले होते. बिनडोक माणूस फार लवकर सावरतो. त्यांनी पाहुण्यांना निष्कर्ष सांगून टाकला: प्रतिभा डाव्या हातात असते. पुढच्या वर्षी सगळा वर्ग डाव्या हातानं काढेल. डाव्या करसारथीचा साचा आजच टाकायला सांगतो, पहिला मान कुंभोजेचा. पाहुण्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. पैज बरोबरीत सुटली असं ठरलं. म्हणजे मोजेही राहिले आणि साचा येईपर्यंत बाईही.

दुसऱ्या दिवशी स्वरांगी वर्गात लवकर आली होती. बाई आल्या तेव्हा ती प्रकाशपाटी पुसत होती.

"मॅडम, डावा करसारथी सोमवारी येणार म्हणे."

"घालू नकोस."

मुलीचं पुसणं थांबलं. "का? पलीकडच्या सगळ्यांना मिळाला. मलाच नाही?"

"तुला गरज नाही."

"इथं तुम्ही सगळ्यांचा हात धरलात. मी सबंध सत्रभर वाट बघितली. रोज वाटायचं, आज येतील." तिनं फडकं बाजूला टाकलं. "मोजा नको म्हणता, तर एकदा तरी तुम्ही धरा."

तिनं डावा हात पुढं केला. बाईंची दोन्ही मनगटं आपोआप उचलली गेली. त्यांनी ती मागं नेली आणि पाठीशी एकमेकांत अडकवली.

"नाही धरणार," त्या म्हणाल्या. "चेंडू काढ. या वेळी जिन्यावरून उतरव."

"जिन्यावरून मला नाही येत."

"माहीत आहे. काढ."

स्वरांगीनं त्यांच्याकडं बघितलं. त्या नजरेत काय होतं ते ओळखायला बाईंना वेळ लागला नाही. तेच 'अरेरे' त्यांनी बाकाबाकांतून फिरताना तिच्या पाटीवर रोज टाकलं होतं. मुलगी खाली मान घालून बसली आणि रागानं लेखणी टेकवली.

दुसऱ्याच पायरीवर चेंडू चुकला. लांब लांब काढायच्या जागी तिनं चित्रं खेटून काढली. बाईंना ते लांबून दिसलं. बोटं वळवळली. त्यांनी पाठीमागं आपलंच मनगट गच्च दाबून धरलं आणि चेंडू जिन्यावरून गडगडून खाली पडेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या.