आईच्या अंगठ्याचं ठिगळ

"मामा, थांब! फळी भंगारात नाही द्यायची!"

मुंगीने धावत येऊन सर्फबोर्डला मिठीच मारली. तिच्या मागून तिचा धाकटा भाऊ भोंगा ओरडत आला आणि सगळ्यात शेवटी, सावकाश, बिस्किटं खात मामाचा मुलगा बोका.

मामाची शेड बोटींच्या दुरुस्तीची होती. मोठी झाल्यावरही सुट्टी म्हटलं की मुंगीला आधी त्या शेडचा वास आठवायचा: घासलेल्या बोटीची धूळ आणि बोटींची भोकं भरायच्या रेझिनचा डोक्यात जाणारा उग्र दर्प.

"अगं, किडकी आहे ती," मामा म्हणाला. "मागच्या वर्षी माझ्या बोटीचा गाडा तिला धडकला. एवढंसं भोक पडलं. मी भरलं, तर ठिगळ आत खचलं. पुन्हा भरलं, तर आणखी पोकळ! काहीतरी खातंय तिला. शनिवारी भंगारवाला आला की देऊन टाकतो."

"आणि रविवारी आई येणार!" मुंगीचा आवाज चिरकला. फळी आईची होती, ती शाळेत होती तेव्हाची. या सुट्टीत आई मुंगीला तिच्यावर उभं राहायला शिकवणार होती. वर्षभर दोघींचं तेच चाललं होतं.

"आम्ही चोर पकडला तर?" भोंगा गरजला.

"तर राहील फळी. पण हळू बोल बाबा, बोटींना भोकं पडतील!"

मुलांनी फळी दोन स्टुलांवर आडवी ठेवली. मुंगीने भोकात टॉर्च मारला.

"उंदीर!" भोंग्याने जाहीर केलं.

"उंदराने कुरतडलं असतं तर चुरा पडला असता. चुरा कुठाय?" मुंगीने विचारलं. आतल्या थर्मोकोलचे पांढरे दाणे चोखलेल्या गोळीसारखे गुळगुळीत झाले होते. "हे विरघळलंय!"

"साखर आहे का आत?" बोका पहिल्यांदाच जवळ सरकला.

मुंगीचा हात फळीच्या शेपटाकडे गेला. तिथे एक पिवळट जुनं ठिगळ होतं आणि त्यात अंगठ्याचा खळगा. आईने लहानपणी दोन नळ्यांतला चिकट गोंद कालवून ते स्वतः भरलं होतं आणि वाळायच्या आत अंगठा टेकवला होता. मामा अजून त्यावरून तिला चिडवायचा.

मुंगीने बोटाने ठोकलं. टक्! मग मामाच्या ठिगळावर ठोकलं. ढब!

"फळी तीच. आईचं टिकलं, मामाचं खचलं," ती हळूच म्हणाली. "म्हणजे चोर फळीत नाही. भरलेल्या मालात आहे!"

बोक्याचं चघळणं थांबलं. "हे बाबांना कोण सांगणार? मी नाही हं!"

"कुणीच नाही. त्यालाच करून बघू दे."

दुपारी मुंगीने फ्रिजच्या खोक्यातलं थर्मोकोलचं झाकण मामापुढे धरलं. "मामा, यात थोडं बोटीचं रेझिन ओत ना. प्रयोग आहे."

"तुम्ही हात लावायचा नाही. आण इकडे." मामाने झाकण हातात घेतलं आणि रेझिन ओतलं. "हं, पुढे काय?"

"थोडा थांब."

झाकणाचा तळ सुरकुतला, खचला आणि रेझिन थेट मामाच्या चपलेवर!

"अरे! अरे!"

"चोर सापडलाऽऽ!" भोंगा नाचायलाच लागला.

मामा त्या भोकातून जमिनीकडे बघत राहिला. "माझ्या जुन्या फळ्यांत निराळा फोम असायचा. त्याला हे रेझिन चालायचं. हिच्या आत थर्मोकोल आणि वरून इपॉक्सी, तुझ्या आईच्या दोन नळ्यांतला गोंद तोच. मी बघितलंच नाही, नेहमीचा डबा उघडला! म्हणजे मीच खात होतो होय तिला?"

"थोडी थोडी," बोका म्हणाला.

संध्याकाळी मामा इपॉक्सीचे दोन डबे घेऊन आला. हातमोजे चढले, तोंडावर मास्क आले. मामाने विरघळलेला भाग कापून काढला. बोक्याने झाकणाच्या उरलेल्या थर्मोकोलचा बरोबर मापाचा तुकडा कोरला. मुंगीने दोन्ही डब्यांतला माल काट्यावर तोलून मिसळला. तुकडा चिकटला, वर काचेच्या धाग्यांचं कापड बसलं, त्यावर इपॉक्सीचा थर. तो घट्ट होत आला तेव्हा मामा म्हणाला, "बघतेस काय? टेकव अंगठा!"

शनिवारी भंगारवाल्याला मामाने गंजका गाडा दिला.

रविवारी आई आली ती खांद्यावरची पिशवीही न उतरवता फळीपाशी गेली. तळहात फिरवता फिरवता नव्या ठिगळावर थांबला. "दादा, तू कधीपासून इतकं नीट काम करायला लागलास?"

"माझं कुठलं! या पोरांनी चोर पकडला, मलाही शिकवलं. मी फक्त एक चप्पल दिली."

"शाबास रे माझ्या वाघांनो!" आईने नव्या खळग्यात अंगठा टेकवून पाहिला. मावला नाही. मग तिने पिशवी खाली टाकली. "चल मुंगे, लाटा छान आहेत!"

आता मुंगीचाही अंगठा त्या खळग्यात मावत नाही. ठिगळ मात्र ठोकलं की अजून म्हणतं, टक्!