कोरडी पांढरी

"मराठी वाचता येतं का इथं कोणाला?"

कल्याणनं लेबलांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. जालन्यातला आपल्या मामाचा छापखाना तृप्तीच चालवायची, आणि चूक कबूल करायची तिच्या खानदानात पद्धत नव्हती.

"येतं की."

"मंग 'कोरडी'चं 'गोडसर' कोणी केलं?"

"मी. दारू कोरडी कशी असंल? म्हणलं, लिहिणारा चुकला."

"आजोबांचा शब्द आहे तो. तीन पिढ्यांची वायनरी आमची. ही पांढरी वाइन दिल्लीची हॉटेलं मागून घेतात… अन् तुम्ही एका दिवसात गोड करून टाकली."

तो हसला. तृप्तीनं शाईचा हात उगाच ओढणीला पुसला.

मंगळवारी तो नमुना बघायला आला. शुक्रवारी रंग. मंग कागद. एवढ्या फेऱ्यांत माणूस लग्नपत्रिका छापून नेतो. तृप्तीला कळंना — हा लेबलासाठी येऊन राह्यला, की…? तेवढ्यात पुण्याच्या मोठ्या छापखान्यातून नोकरीचं बोलावणं आलं. सोमवारी हो-न्हाई कळवायचं होतं.

शनिवारी लेबलं घेऊन ती स्वतःच वायनरीत गेली. मोत्याचे कानातले घालून. लेबलं पोचवायला कशाला लागतात, देव जाणे. स्टीलच्या टाक्यांमागून कल्याणचा आवाज आला.

"आई, तृप्ती एकदम कोरडी आहे."

तिनं खोकं तिथंच ठेवलं अन् मागं फिरली. तो धावत आला.

"निघाल्या?"

"कोरड्या माणसाचं काय काम इथं? मी पुण्याला चालले."

त्याची आई, वंदनाबाई, टाकीआडून कडाडल्या, "येड्या, अर्थ सांग की तिला."

"द्राक्षाची साखर… पार जिरून जाती. मंग जे उरतं ना — खरं, गोडगोड न्हाई — त्याला कोरडी म्हणतात. आमच्या घरात याच्याहून मोठी तारीफ न्हाई."

"हे मला सांगायचं. आईला काय सांगता?"

"आईला सांगणं सोपं होतं."

त्याचे कान लाल झाले होते. तृप्तीला हसावं की भांडावं, काही सुधरंना.

"पुण्याला काय कळवू मग?"

"न्हाई म्हणा," तो म्हणाला. "म्हंजे… तुम्हाला वाटलं तर."

तिनं तिथंच फोन लावला. "जमणार न्हाई," म्हणाली. पलीकडून कारण विचारलं. तृप्तीनं कल्याणकडं पाह्यलं… बराच वेळ पाह्यलं.

"इथं काम वाढलंय," ती म्हणाली.