चौथा दाब

धातुवाचन प्रयोगशाळेच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी पाटी होती. केरबा मेस्त्री ती न वाचताच चपला काढून आत आले आणि हातातली टोपी चुरगाळत उभे राहिले. सत्तरी उलटली होती, पण बोटांच्या पेरांतलं ग्रीस अजून गेलं नव्हतं. ते बहुधा त्यांच्याबरोबरच जाणार होतं.

डॉ. ईशानी तोडकरने त्यांना लगेच ओळखलं. चौदा वर्षं ती या माणसाचा तिरस्कार करत आली होती. लहानपणी ती त्यांना केरबामामा म्हणायची, रविवारी त्यांच्या गॅरेजात दिवसभर पडीक असायची. आज ती फक्त "बसा" म्हणाली.

केरबा बसले नाहीत. "तुमचं यंत्र लोखंडाला बोलतं करतंय म्हणून पेपरात आलं हुतं," ते म्हणाले. "दिगूदादांच्या गाडीचा मागचा एक्सल त्याला विचारा. नट मी ढिला सोडला हुता का न्हाई, एवढंच विचारा."

दिगूदादा म्हणजे ईशानीचे वडील, दिगंबर तोडकर. रस्त्यावरची सगळी वाहनं विजेवर मुकाट धावू लागली, तरी कोल्हापुरात सहा हट्टी माणसं पन्नास पन्नास वर्षांच्या पेट्रोलच्या मोटारसायकली पोसत होती. त्यांचं घाटवाट मंडळ. महिन्यातून एकदा लांबची फेरी, आणि फेरीच्या आदल्या दिवशी सहाही गाड्या केरबांच्या गॅरेजात. चौदा वर्षांपूर्वी अशाच एका फेरीत, तिलारी घाटाच्या वळणावर, दिगंबरच्या गाडीच्या मागच्या एक्सलचा नट गळून पडला, चाक तिरकं झालं आणि माणूस दरीत गेला. नट सापडला नाही. आदल्या दिवशी तो केरबांनी आवळलेला होता. मग दोष कुणाचा, हे ठरवायला मंडळाला पाच मिनिटंही लागली नाहीत.

मंडळाने तक्रार केली नाही, आरडाओरडा केला नाही. फक्त केरबांकडे गाड्या टाकणं बंद केलं, आणि का बंद केलं ते विचारणाऱ्याला सांगितलं. दीड वर्षात गॅरेजला कुलूप लागलं. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून बिघाड सांगणारा हा माणूस पुढे बारा वर्षं एका विद्युतभरण केंद्रावर वॉचमन होता. शोकसभेत सोळा वर्षांची ईशानी सगळ्यांसमोर म्हणाली होती, "यांनी माझ्या बाबांना मारलं." तिथेही ती थांबली नाही. शास्त्रज्ञ झाल्यावर तिच्या प्रत्येक व्याख्यानातलं पहिलं चित्र त्या गॅरेजचं असे. वडिलांनीच कधीतरी काढलेला फोटो, पाटी ठसठशीत दिसावी म्हणून कडेने कापलेला. खाली ओळ: एका माणसाची चूक. नाव ती कधी घेत नसे. कोल्हापुरात ते घ्यायची गरजही नव्हती.

आता तोच माणूस आपल्या पायांनी चालत आला होता. ईशानीने होकार दिला. त्यात दयेचा लवलेश नव्हता. तिला त्याला ऐकवायचं होतं.

तिचा सहकारी निरंजन शहापुरे याला मात्र हे पसंत नव्हतं. धातुस्मृतीचं निम्मं गणित त्याचं होतं, त्यामुळे तिच्याशी वाद घालायचा हक्कही होता. केरबांना खुर्चीत बसवून त्याने आधी त्यांना सगळं समजावलं. लोखंड आतून बारीक कणांचं बनलेलं असतं. नट आवळला की एक्सलच्या आट्यांच्या मुळाशी ते कण किंचित सरकतात, पिळले जातात, आणि पीळ तसाच राहतो. रस्त्याचा हादराही असाच उमटतो. हे थर त्यांचं यंत्र, स्मृतिवाचक, एकामागून एक उलगडतं. नट किती जोराने आवळला एवढंच नाही, तर कसा आवळला हेही कळतं, कारण पाना ओढायची प्रत्येकाची लय निराळी, अक्षरासारखी. तिला त्यांनी हातखूण असं नाव दिलं होतं.

मग तो ईशानीकडे वळला. "आणि मॅडम, दोन गोष्टी तुम्ही विसरताय. गाडी तीनेक हजार किलोमीटर चालली, की नवे हादरे जुनी स्मृती पुसून टाकतात."

"आणि दुसरी?"

"वाचण्यासाठी आपल्याला तो तुकडा हलवावा लागतो. वाचलं की पुसलं. दुसऱ्यांदा कुणाला पडताळून बघता येणार नाही. वडिलांच्या बाबतीत तुम्ही एकट्याच साक्षीदार व्हाल, फिर्यादीही तुम्हीच."

ईशानी म्हणाली की मोजमाप हे मोजमाप असतं, मोजणाऱ्याच्या नात्याने ते बदलत नाही. वाक्य चांगलं होतं. निरंजनने खांदे उडवले. यंत्राच्या जुळणीसाठी लागणारे नमुना-नट ईशानीच आवळत असे, तीन छोटे झटके, मग क्षणभर थांबून एक लांब दाब, आणि त्या थांबण्यावरून निरंजन तिची चेष्टा करी, की चौथ्याला मुहूर्त बघताय का. त्या दिवशी त्याने चेष्टा केली नाही.

एक्सल मिळवणं हेच मोठं काम होतं. घाटवाट मंडळाची एक रीत होती. सहातला कुणी गेला की त्याची गाडी भंगारात द्यायची नाही, विकायची नाही. प्रत्येकाने तिचा एक भाग घ्यायचा आणि आपल्या गाडीला बसवायचा. याला ते चालता वाटा म्हणत. गेलेला माणूस त्या निमित्ताने फिरत राहतो, अशी त्यांची समजूत होती. दिगंबरच्या गाडीचे पाच वाटे झाले होते. चारजण त्या वाट्यांसकट हजारो किलोमीटर फिरले होते, म्हणजे लोखंडात जे काही लिहिलेलं होतं ते त्यांनी प्रेमापोटी पुसून टाकलं होतं. मागचा एक्सल बाळगोंडा मगदूम यांच्या वाट्याला आला होता. ते मंडळाचे प्रमुख, ईशानीचे बाळगोंडाकाका. रीतीप्रमाणे त्यांनी तो बसवला, आणि त्यानंतर गाडीला एकदाही किक मारली नाही. मित्र गेल्याचा धक्का, असं सगळे म्हणत.

जयसिंगपूरला त्यांच्या पडवीत ती गाडी चादरीखाली उभी होती. टायर बसले होते, पण टाकी पुसलेली होती. ईशानीचं बोलणं ऐकून काकांनी चादर सारखी केली. मग म्हणाले की केरबा म्हातारा झालाय, आता त्याला माफ करून टाक. ती म्हणाली, एक्सल वाचायला तोच तर सांगतोय. हे ऐकून काकांचा चेहरा उतरला. त्यांनी नाही नाही म्हणून पाहिलं, चहा केला, तिच्या आईची चौकशी केली. ईशानी हलली नाही. शेवटी त्यांनी स्वतःच पाना घेतला आणि एक्सल काढून तिच्या हातात दिला.

"एकदाच वाचता येतंय म्हणतीस न्हवं?" ते म्हणाले. "मग एकटी वाच, पोरी. कुणापुढं वाचू नकोस."

केरबांना वाचवायची ही धडपड, असा अर्थ तिने काढला. तिला रागच आला. जुनी माणसं शेवटी एकमेकांना सांभाळून घेतात, असं ती परतताना निरंजनला फोनवर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने केरबांना बोलावून स्मृतिवाचकासमोर बसवलं. निरंजनने एक्सल चिमट्यात धरला आणि यंत्र चालू केलं. पडद्यावर हिरवी रेघ डावीकडून सरकू लागली.

आधी जुने, पुसट थर गेले. मग एक आवळणं दिसलं. एकच संथ, सलग चढ, थेट पुऱ्या दाबापर्यंत. केरबांनी पडद्याकडे बघून नुसती मान हलवली. ईशानीने आकडा पाहिला, पुन्हा पाहिला. नट ढिला नव्हता. लागायला हवा तितका, तसूभर कमी ना जास्त, आवळलेला होता.

मग रस्ता आला. साठेक किलोमीटरचा, एकसारखा. मग रेघ सपाट झाली, गाडी थांबली होती. आणि तिथे कुणीतरी नट उघडला होता.

"गडहिंग्लज," ईशानी स्वतःशीच म्हणाली. तिला सगळं आठवत होतं. वडिलांनी तिला गडहिंग्लजला आत्याकडे सोडलं होतं, मंडळ तिथे नाश्त्याला थांबलं होतं. चेन सैल झाली म्हणून बाबांनी अंगणात मागचा एक्सल उघडला. चेन ताणायची तर तो उघडावाच लागतो. नट फिरू नये म्हणून केरबांनी घातलेली पिन काढून ठेवली. मग नेहमीसारखा पाना तिच्या हातात दिला. ही त्यांची लहानपणापासूनची पद्धत. तीन झटके तुझे, चौथा दाब माझा. तिचं वजन पुरायचं नाही म्हणून चौथा मोठ्या माणसाचा. तो देऊन मग पिन घालायची. बाबांनी चौथा दिला होता. पाय रोवून, दात आवळून. तिच्या डोळ्यांसमोर ते स्पष्ट होतं.

पडद्यावर तीन छोटे झटके उमटले.

चौथा दाब आला नाही. रेघ थोडा वेळ सपाट राहिली, मग गाडी सुरू झाल्याची थरथर सुरू झाली. ती वाढत गेली. एखादी गोष्ट हळूहळू सुटत जावी तशी ती पुढचे सत्तर किलोमीटर वाढत राहिली, आणि एका जागी थांबली.

यंत्राने आपलं काम चोख केलं. हातखूण तपासली आणि खाली ओळ उमटवली: जुळणी, नमुना क्रमांक एक. नमुना क्रमांक एक कुणाचा, हे निरंजनला ठाऊक होतं. तो उठला आणि बाहेर गेला.

आता ईशानीला उरलेलं आठवलं. घरातून बाळगोंडाकाकांनी हाक मारली होती, दिगू, पोहे गार झाले, चल की. बाबा हात धुवायला गेले. ती आत्याच्या मागे आत गेली. बाबा अंगणात परत आले तेव्हा सगळ्यांना निघायची घाई होती. पाना पेटीत गेला. चौथा दाब तिने त्या दिवशी पाहिलाच नव्हता. शेकडो वेळा पाहिलेला दाब तिच्या मनाने आपणहून तिथे बसवून घेतला होता. लोखंडाने तसं काही केलं नव्हतं. हाक मारून बाबांना मध्येच उठवणाऱ्या काकांना हे चौदा वर्षं माहीत होतं, आणि म्हणून ते त्या एक्सलवर बसून एक किलोमीटरही जाऊ शकले नव्हते. तिला सांभाळायला त्यांनी केरबांना पुढे केलं होतं.

एक्सल आता कोरा होता. ती काहीही सांगू शकली असती. तिला ते सुचलंही, आणि सुचलं याचीच तिला शिसारी आली.

"तुमचा नट घट्ट होता," ती म्हणाली. "नंतरचा हात माझा आहे."

केरबांनी टोपी मांडीवर नीट केली. "मला ठावं हुतं."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"दिगूदादा उघडलेला नट अर्धवट ठिवणारा गडी न्हवं," ते म्हणाले. "आणि तीन झटक्यांवर थांबणारं एकच माणूस माझ्या गॅरेजात वाढलं. पिन माझी हुती ती कुणीतरी काढली, हे मी त्याच दिवशी वळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"बाप गेलेल्या पोरीला सांगायचं व्हय? म्हटलं, मोठी, शानी झाली की आपणच उमजंल." त्यांचा आवाज पहिल्यांदाच कडक झाला. "तुम्ही शान्या झालासा, मॅडम. आणि माझं गॅरेज पडद्यावर लावून भाषणं द्यायला लागलासा. माझी बायको त्या भाषणाला येऊन बसली हुती एकदा. घरी येऊन चार दिस जेवली न्हाई. गेली तीबी."

ईशानी म्हणाली की ती लेखी देईल, मंडळाला, पेपरात, सगळीकडे. केरबांनी हात हलवला. कागद कुणाला दाखवू, गाड्या उरल्या नाहीत, गॅरेजच्या जागी इमारत उभी आहे, असं ते सांगत राहिले. नाव धुऊन घ्यायला ते आलेच नव्हते. तिला कळावं एवढ्यासाठी आले होते.

उठून त्यांनी चिमट्यातला एक्सल काढला, खिशातल्या फडक्याने सवयीने पुसला आणि तिच्यासमोर ठेवला. "ह्यो बाळगोंडाकाकांना परत द्या. म्हणावं, आता खुशाल फिरवा गाडी. लोखंड समदं विसरलंय. ते आता तुमच्याकडं हाय. चौदा वर्सं म्या वागवलं, आता तुम्ही वागवा."

दारात चपला घालायला ते वाकले. त्यांना वेळ लागला, तिला उठून आधार द्यावासा वाटला, पण तेवढाही हक्क आपल्याला उरलेला नाही हे तिला कळलं.

दुसऱ्या दिवशी सांगलीला तिचं व्याख्यान होतं. संध्याकाळी तिने पहिलं चित्र उघडलं. गॅरेजची पाटी, अर्धं दार, खाली ती ओळ: एका माणसाची चूक. मग तिने वडिलांचा मूळ फोटो शोधून काढला, न कापलेला, आणि तो त्या जागी बसवला. दाराच्या डाव्या बाजूला, तिने इतकी वर्षं बाहेर ठेवलेल्या भागात, आठ वर्षांची एक मुलगी हातात पाना घेऊन कॅमेऱ्याकडे बघत हसत होती.

खालची ओळ तिने तशीच राहू दिली.