कमी होत जाण्याचे शब्द

कागद उडाला तो थेट खाडीच्या चिखलात जाऊन पडला, आणि हेस्टर काठावर नुसती बघत राहिली.

त्या दुपारचा खारट वारा आज इतक्या वर्षांनीही तिला आठवतो. एकोणीसशे सत्तावन्न सालचा सप्टेंबर. लीड्सच्या विद्यापीठातून ती नॉरफोकच्या किनाऱ्यावर शब्द गोळा करायला आली होती. गावोगावची माणसं कशाला काय म्हणतात ते विचारायचं, लिहून घ्यायचं. तिच्या वाट्याला विषय आला होता तो हळूहळू कमी होत जाण्याचा. इंग्रजीत त्याला शब्द ढीगभर, पण कुठला कुठे वापरतात, ते माणसांनाच विचारायला हवं. आणि प्रश्नांचा कागदच चिखलात.

होडीला डांबर लावत बसलेला एक तरुण उठला. लांब आकडीने त्याने कागद ओढून घेतला. परत देण्याआधी वाचलाही.

"'पाऊस कमी होत जातो तेव्हा तुम्ही काय म्हणता?'" त्याने मान वर केली. "आम्ही म्हणतो, बरं झालं."

हेस्टरला हसू आवरेना. त्याचं नाव एमस थॅक्स्टर. होड्या बांधायचा, दुरुस्त करायचा.

"सोळा प्रश्न आहेत," ती म्हणाली. "अर्ध्या तासात होतील."

"आणि झाले की?"

"की मी परत लीड्सला."

"अस्सं..." त्याने कागदाच्या कोपऱ्यातलं तिचं नाव वाचलं. "इथले लोक इतक्या घाईने नाही बोलत हो, मिस लंब."

पाण्याचा शब्द हवा तर ओहोटी बघायला हवी, म्हणाला. दुसऱ्या दिवशी दोघं उपड्या होडीवर बसली. खाडीतलं पाणी चोरपावलांनी समुद्राकडे निघालं होतं.

"हा 'एब'," तो हळूच म्हणाला. "पाण्याचा. माणसाच्या ताकदीलाही चालतो. चहाच्या किटलीला नाही चालत."

वाऱ्याच्या शब्दासाठी वारा सुटेपर्यंत चार दिवस थांबावं लागलं. "वारा 'अबेट' होतो, म्हणजे त्याचा जोर ओसरतो," तो म्हणाला. "वादळही अबेट होतं, गोंगाटही. आमची डॉर्कस मावशी होत नाही."

चंद्राला 'वेन', पण त्यासाठी आधी पौर्णिमा व्हायला हवी होती. ती झाली. मग एका सकाळी, निळ्या आभाळात राहून गेलेला कडेने झिजलेला चंद्र त्याने तिला बोटाने दाखवला. ती चंद्राकडे बघत होती... तो तिच्याकडे.

"या धक्क्याला पूर्वी चाळीस होड्या लागायच्या," एकदा तो म्हणाला. "आता नऊ. याला 'ड्विंडल'. एकेक करत घटत जाणं." त्याचा आवाज खाली आला. लाकडावर त्याचा हात तिच्या हातापासून बोटभर अंतरावर होता. तिने लिहायचं थांबवलं. कुणीच हात हलवला नाही.

तिसऱ्या आठवड्यात प्रोफेसरांचं पत्र आलं. शनिवारपर्यंत परत या, नाहीतर तुमची जागा दुसऱ्याला द्यावी लागेल. हेस्टर डॉर्कस मावशीकडेच भाड्याने राहत होती. मावशी स्वयंपाकघरात वाटाणे सोलत होत्या. उरलेले प्रश्न हेस्टरने त्यांना विचारले, तर वाटाणे सोलून व्हायच्या आत सगळ्यांची उत्तरं मिळाली.

"पण एमसना तर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय शब्द आठवत नव्हते," हेस्टर म्हणाली.

"त्याला? अगं, शब्दांच्या स्पर्धेत शाळेत बक्षीस मिळवलंय त्याने."

ती तडक धक्क्यावर गेली.

"तुम्हाला सगळे शब्द येत होते."

"हो."

"मग माझे तीन आठवडे का घालवलेत?"

डांबराचा कुंचला त्याने खाली ठेवला. "तुम्हीच म्हणालात ना... कागद भरला की जाणार."

रागवायचं तिने घोकून आणलं होतं. एक शब्द आठवेना.

"शनिवारी निघते मी," ती कशीबशी म्हणाली. "पत्र लिहाल?"

"सराव नाही फारसा," तो म्हणाला. "पण लिहीन."

पहिलं पत्र चार पानी आलं. दुसरं तीन पानी. ऑक्टोबरच्या शेवटी एकच पान, नोव्हेंबरात आठ ओळी. हेस्टरला याचं नाव ठाऊक होतं. 'टेल ऑफ'. शेपटीसारखं निमुळतं होत संपणं. सभेतल्या टाळ्या अशा संपतात, गर्दी अशी पांगते. पत्रांनाही चालतो हा शब्द. तिने स्वतःची लांबलचक उत्तरं लिहिली आणि फाडून टाकली. पोस्टमन दिसला की ती खिडकीपासून दूर जायला शिकली.

डिसेंबरात आलं त्या पत्रात जेमतेम तीन ओळी होत्या. वर मिस लंब नाही, हेस्टर.

"हेस्टर, लिहून सांगण्यासारखं सगळं सांगून झालं. जे राहिलंय ते लिहिता येत नाही. गुरुवारी दुपारच्या गाडीने येतोय."

स्टेशनवर तो उतरला तो रविवारी चर्चला घालायच्या कोटात, घट्ट कॉलरने गुदमरलेला. टोपी हातात फिरवत नुसता उभा राहिला.

"बोला की," ती म्हणाली.

"गाडीत सगळं पाठ होतं..." त्याने घसा खाकरला. "लग्न करशील माझ्याशी?"

"एवढंच?"

"एवढंच राहिलं होतं."

हेस्टर हो म्हणाली, पण इतक्या हळू, की त्याला पुन्हा विचारावं लागलं.