काळ्या रंगाखालचं पातं

आंबिवलीचं घर मोकळं करतेय, काय हवं ते घेऊन जा, असा गोदामामीचा फोन आला तेव्हा सुमितला त्यात विशेष काही वाटलं नाही. बाबुरावमामा गेल्या वर्षी वारलेले. मामी आता लेकीकडे नाशिकला कायमची चाललेली. सुट्टीच्या दिवशी सुमित गेला आणि दोन पातेली, एक परात आणि टॉवेलात गुंडाळलेला एक लांब सुरा घेऊन दिव्याला आपल्या घरी परत आला.

मामा आचारी होते. लग्नकार्यातल्या पंगतीच्या पंगती त्यांच्या हातच्या जेवणावर उठलेल्या. सुमितच्या बायकोने, प्रियांकाने, नुकतेच घरून डबे द्यायला सुरुवात केलेली, तिला असा दणकट सुरा हवाच होता. पण टॉवेल सोडला तर पातं काळंकुट्ट. गंज नव्हता तो. ग्रिलला लावतात तसला जाड ऑइल पेंट कुणीतरी त्याला फासला होता, मुठीपासून टोकापर्यंत. अगदी धारेवरसुद्धा.

"धारेला कोण रंग लावतं?" प्रियांका म्हणाली.

"गंजू नये म्हणून लावला असेल मामीने."

"मग आधी तो काढा. लोकांच्या डब्यात जायचे याचे कपचे."

सुमितची आई, मंजुळा, पलंगावर बसून ऐकत होती. तिने सुरा मागून घेतला आणि मांडीवर आडवा ठेवला. आईबाप लवकर गेल्यावर या भावानेच तिला वाढवलेलं. तो जेवण बनवायला जाईल तिथे ती, त्याच्या मागे मागे.

"दादाला हात रिकामा ठेवता यायचा नाही," ती म्हणाली. "जेवणं उरकली की दुपारभर सुऱ्या घासत बसायचा. मी त्या आवाजावर झोपायची."

सुमित डोंबिवलीला एमआयडीसीतल्या कारखान्यात टूलरूममध्ये कामाला. लोखंडाशी त्याचा रोजचाच संबंध. संध्याकाळी त्याने बाल्कनीत जुना पेपर अंथरला, पात्यावर पेंट रिमूव्हर ओतला आणि वाट पाहिली. रंग उकळल्यासारखा फुगला, सुरकुतला. पत्र्याच्या तुकड्याने खरवडला तसा तो सालासारखा निघाला, आणि त्याखाली आणखी एक थर निघाला. तोही काळाच. त्याखाली आणखी एक. इतका रंग कशासाठी, हे त्याला कळेना. शेवटी पोलाद दिसलं तेव्हा त्याचा खांदा भरून आलेला.

मग घासणं. आधी जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग त्याहून बारीक, पाणी लावून, मुठीकडून टोकाकडे. एकाच दिशेने. दिशा बदलली की फिनिशिंग गेलं, हे तो कारखान्यात नव्या पोरांना शिकवायचा. काम झालं तेव्हा पात्यावर केसासारख्या बारीक उभ्या रेघा होत्या, सगळ्या सरळ, टोकापर्यंत गेलेल्या. त्याने खोबरेल तेलाचं बोट फिरवलं आणि सुरा ओट्यावर ठेवला.

दुसऱ्या दिवशी कामावरून येऊन त्याने सहज तो उचलून खिडकीशी धरला. रेघा आडव्या होत्या. पाठीकडून धारेकडे. सगळ्या, एकसारख्या.

"तू घासलास का गं हा?"

"मला कुठे वेळ आहे," प्रियांका म्हणाली.

त्याला वाटलं, उजेडाचा खेळ असेल. पण हाताला लागत होत्या त्या. त्याने परत घासला, उभा. दोन दिवसांनी परत आडव्या, आणि या वेळी इतक्या बारीक की त्याच्याकडच्या कुठल्याच पेपरने तसं फिनिशिंग आलं नसतं. कुणीतरी त्याचं काम पुसून आपलं करत होतं, आणि त्याच्याहून चांगलं करत होतं.

त्याचं लक्ष लागेना. मशिनवर उभा असताना त्याचा अंगठा आपोआप बोटांवर घासत राहायचा. कुणाला सांगणार? त्यांच्या घरात असलं काही कधी मानलं गेलं नव्हतं. आई दर रविवारी विहारात जायची, अंगात येणाऱ्या बायकांना तोंडावर वेड्यात काढायची.

मग एक दिवस पहिली पाळी करून तो दुपारीच घरी आला. प्रियांका भाजी आणायला गेलेली. बिल्डिंगला सकाळपासून पाणी नव्हतं, त्यामुळे बायका खाली टँकरपाशी, आणि मजल्यावर नुसती ऊन खाणारी शांतता. आई आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपलेली. तो चप्पल काढायला वाकला, आणि त्याला ऐकू आलं.

सर्र...

मग थोडं थांबून, पुन्हा. सर्र...

आवाज स्वयंपाकघरातून येत होता. घाईचा नव्हता. रोजचं काम करणाऱ्या माणसाचा होता. त्याच्याबरोबर वास येत होता, ओल्या लोखंडाचा आणि हिंगाचा. सुमित भिंतीला धरून दोन पावलं पुढे सरकला. दाराशी पोचला तसा आवाज थांबला, जसा कुणी मान वर करून पाहावं तसा.

आत कोणी नव्हतं. सुरा सिंकमध्ये होता. पातं ओलं, त्यावर घासल्याचा राखाडी चिखल, आणि चिखलाचे थेंब अजून खाली ओघळत होते. त्याने नळ सोडला. नळ कोरडा.

"थांबवलंस का रे त्याला?"

आई मागे उभी होती. डोळ्यांत झोप नव्हती.

"आई... कोणाला?"

"कितीतरी वर्षांनी मला दुपारची झोप लागायला लागलेली," ती म्हणाली, आणि परत जाऊन पडली.

सुमित जिन्यात आला आणि त्याने मामीला फोन लावला. तिने कसा आहेस, घरचे कसे आहेत, काही विचारलं नाही.

"रंग काढलास," ती म्हणाली.

"मामी, हे काय आहे?"

"ते गेले त्याच आठवड्यात सुरू झालं. रोज दुपारी. पातं झिजायला लागलं. मी रंग लावला की दोन दिवस गप्प. मग खरवडून काढलेला असायचा. मग मी आणखी लावला, आणखी जाड लावला... शेवटी सुऱ्याचा आवाज बंद झाला."

"मग घर का सोडलंस?"

"सुऱ्याचा बंद झाला म्हटलं मी." मामी म्हणाली. "मला वाटलं, बहिणीकडे जाईल तर शांत होईल. तिच्यावर जीव होता त्यांचा."

"मी काय करू?"

"रंग लावू नकोस. आणि लावलास तर... मंजुळाताईंना दुपारचं एकटं झोपू देऊ नकोस."

सुमितला ते शेवटचं बोलणं धड कळलं नाही, आणि कळून घ्यायची त्याच्यात ताकदही नव्हती. त्याला तो आवाज बंद करायचा होता, बस. संध्याकाळी त्याने काळ्या ऑइल पेंटचा डबा आणला.

"नको लावूस," आई म्हणाली.

"आई, घरात प्रियांका असते. दिवसभर त्याच ओट्यापाशी."

"तो कुणाला काय करतोय? काम करतोय बिचारा. ते पण काढून घेशील, तर करेल काय तो?"

सुमितने डब्याचं झाकण उघडलं. त्याने रंगाचे तीन हात दिले, पातं वाळू दिलं, सुरा फडक्यात बांधून माळ्यावर टाकला. आई त्याच्याशी आठवडाभर बोलली नाही. पण आवाज बंद झाला. तो मुद्दाम सुट्टी घेऊन दुपारी घरी बसला, कान देऊन. काही नाही. प्रियांका डबे भरायची, आई आत झोपायची, पंखा फिरायचा. हळूहळू त्याच्या अंगठ्याची ती सवयही सुटली. मामीचं बोलणं मागे पडलं, आणि आई दुपारची पुन्हा एकटीच झोपू लागली.

महिना उलटला. आईला रेशन आणायला त्याने स्कूटरवरून नेलं. दुकानदाराने मशिन पुढे केलं, आईने अंगठा ठेवला. मशिनने घेतला नाही. पुसून ठेवला, नाही. दुसरा अंगठा, नाही. मग एकेक करून सगळी बोटं.

"म्हाताऱ्या बायकांचं होतं असं," दुकानदार म्हणाला. "भांडी घासून घासून रेघा जातात. आधार केंद्रावर जाऊन अपडेट करून या."

सुमितने आईचा हात उन्हात धरला. बोटांची टोकं गुळगुळीत होती, काचेसारखी, इतकी की त्यांच्यावर आभाळ चमकत होतं. कुठे जखम नाही, लाली नाही. नखंसुद्धा पातळ, एकसारखी, सुबक उतरवलेली.

आईने हात सोडवून घेतला आणि पदराखाली नेला, एखादी ठेवणीतली वस्तू झाकावी तसा.

"दुखत नाही रे," ती हळू आवाजात म्हणाली. "पाणी लावून घासतो तो."