सत्तेचाळीस नंबरचा खण

यंत्रानं माणसांच्या मधे येऊ नये, असं शिवांजलीचं गंभीर मत होतं. ते तिनं स्टेटसला ठेवलं होतं, आणि कुणीकुणी पाहिलं हे दिवसातून चारदा तपासलंही होतं.

मत अनुभवातून आलं होतं. आदल्या वर्षी तिचं लग्न ठरलं. आठ महिने दोघं रात्रंदिवस चॅटवर बोलली. मग रंकाळ्यावर भेटली, तेव्हा बोलायला काही उरलंच नव्हतं. समोर बसून त्यानं मेसेज पाठवला : ‘बोल ना.’ तिथंच ते लग्न मोडलं. तेव्हापासून ती कुणा पुरुषाला नंबर देत नसे.

मल्लेश तिला कागल एमआयडीसीला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये भेटला. त्या दिवशी एकच सीट रिकामी होती. सगळ्या बसच्या माना खाली, आणि हा एकटा खिडकीतून ऊस बघत होता. बाहेर धुकं, कुठल्या तरी गुऱ्हाळाचा गोड, जळका वास…

“फोन बिघडलाय का?” तिनं विचारलं.

“न्हाई. ऊस बघायला रेंज लागत न्हाई.”

ती हसली, आणि लगेच बजावलं, की ती नंबर देत नाही. तो म्हणाला, मागितलाय कुणी?

मग सहा महिने रोज पस्तीस मिनिटं. गडमुडशिंगीच्या थांब्यावर ती चढायची, तेव्हा शेजारच्या सीटवर त्याचा डबा ठेवलेला असायचा. ती आली की तो उचलायचा. एवढंच. पण डबा उचलताना तो एकदा वर बघायचा, आणि त्या बघण्यावर तिचा दिवस निघायचा. कारखान्यात फोन न्यायला बंदी. गेटवर आण्णा वॉचमन तो लाकडी खणात ठेवून घ्यायचे. तिचा खण सेहेचाळीस, त्याचा सत्तेचाळीस. दिवसभर दोघांचे फोन शेजारी पडून असायचे. बाकी काही ठरलेलं नव्हतं.

त्या रविवारी मलकापूरचं स्थळ येऊन गेलं. मुलगा चांगला होता, हीच अडचण. आत्या अक्काताईंनी गुरुवारपर्यंत उत्तर मागितलं.

सोमवारी बसमध्ये डबा नव्हता. मंगळवारीही नाही. नंबर मागायचा कुणाकडं, आणि कुठल्या तोंडानं? शेवटी सकाळी गेटवर फोन ठेवताना तिनं आण्णांना विचारलं.

“त्यो दुसऱ्या शिफ्टला गेलाय की,” आण्णा म्हणाले. “पावणेतीनला आत येतोय. तुमी तीनला भाईर पडताय.”

पंधरा मिनिटं. तिनं चहाच्या कुपनामागं लिहिलं : ‘मलकापूरचं स्थळ आलंय. गुरुवारी उत्तर द्यायचंय. काय सांगू?’ आणि चिठ्ठी सत्तेचाळीसच्या रिकाम्या खणात ठेवली. आण्णांनी तेवढ्यापुरतं रस्त्याकडं पाहिलं.

बुधवारी सकाळी सव्वासहाला ती बसमध्ये चढली. खिडकीच्या शेजारी डबा होता.

“तुमची शिफ्ट तीनला ना?”

“व्हय.”

“मग आत्तापासून…?”

“बसतो की टपरीवर.” त्यानं डबा उचलला, मांडीवर घेतला, झाकण उगाच घट्ट केलं. “मलकापूरला नगं म्हणून सांग.”

तो पहिल्यांदाच तिला ‘सांगा’ऐवजी ‘सांग’ म्हणाला होता. ती खिडकीकडं बघत राहिली. काचेवर धुक्याचे थेंब होते, पलीकडचं काही दिसत नव्हतं.

“आणि आत्यानं कारण विचारलं तर?”

“माझं नाव सांग. त्ये पुरं हुतंय का बघ.”



“फोन तरी करायचा,” ती म्हणाली. आवाज जरा ओला होता. “नंबर मागितला असता, तर… दिला असता मी.”

“नंबर सहा महिनं हाय माझ्याकडं.”

“मग?”

“तू दिला नव्हतास. म्हणून लावला न्हाई.”

शिवांजलीनं मग आपला नंबर सांगितला. दहाही आकडे, एकेक करून, हळू. तो पहिल्यांदाच ऐकतोय असा ऐकत होता.

गुरुवारी तिनं आत्याला मल्लेशचं नाव सांगितलं. ते पुरलं.

त्याच संध्याकाळी तिनं कंपनीच्या बसचा ग्रुप उघडला. फुलं आणि सुप्रभात फार येतात म्हणून तिनं तो पहिल्याच दिवशी म्यूट केला होता. न वाचलेले मेसेज नऊशे बारा. ग्रुपचा अॅडमिन मल्लेश होता. शनिवारी त्यानं लिहिलं होतं, ‘सोमवारपासून मी दुसऱ्या शिफ्टला,’ आणि त्याखाली चौदा अंगठे होते.